फूटपट्टीचे वजन

दि. ४ फेब्रुवारी

ती. आजोबांना नमस्कार.

मी भिंगरी, तुमची नात. शेवटचं भेटलो तेव्हा मी आठ वर्षांची होते, आता एकोणीसची आहे. हे नाव तुम्हीच ठेवलं होतं आणि अजून तेच चालू आहे. तुम्ही आणि बाबा अकरा वर्षं बोलत नाही, हे मला माहीत आहे. का बोलत नाही ते घरात कोणी सांगत नाही. विचारलं की आई घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते आणि बाबा कुठल्यातरी चाकात हवा भरायला लागतात. फोनच केला असता, पण तुम्ही फोन उचलून फक्त ‘चुकीचा नंबर’ एवढंच म्हणता असं ऐकलंय.

आता कामाचं. मी डोंगरावरून उतरायची सायकल चालवते. तिच्या मागच्या चाकाला धक्का सोसणारी एक नळी असते आणि नळीभोवती स्प्रिंग. माझी स्प्रिंग पोलादी आहे. एका निवृत्त शर्यतवाल्याने मला टायटॅनियमच्या तीन जुन्या स्प्रिंगा दिल्यात. म्हणाला, हवी ती लाव, उरतील त्या ठेव. वीस एप्रिलला उताराची शर्यत आहे. तीनपैकी कोणती लावायची, हे सांगणारं मला जगात एकच माणूस माहीत आहे.

बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तरी त्यांना विचारता येत नाही. पाटीवरच लिहिलंय: ‘सर्व प्रकारच्या सायकली दुरुस्त होतील. स्प्रिंगचे काम होत नाही.’ गिऱ्हाईक विचारतं, ‘का हो?’ बाबा म्हणतात, ‘वाचता येतं ना?’

हे पत्र त्यांना माहीत नाही.

तुमची,
भिंगरी


दि. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. त्या तांबड्या शाईने दाखवून पत्राची प्रत सोबत जोडली आहे. शब्दांच्या शेवटी तू टिंबे देतेस, त्यांना मी चुका धरलेले नाही. हल्ली तसे चालते असे ऐकतो. मी इयत्ता चौथी उत्तीर्ण आहे. आमच्या वेळी चौथी ही शेवटचीच इयत्ता आहे असे समजून शिकवीत, कारण बहुतेकांची ती शेवटचीच असे.

मी फोनवर ‘चुकीचा नंबर’ म्हणतो हे खरे आहे. आमच्या स्प्रिंगांच्या कारखान्याच्या आवाजाने माझा उजवा कान गेला आणि डाव्याने त्याची संगत धरली. न कळलेल्या गोष्टीस हो म्हणण्यापेक्षा नंबर चुकीचा ठरविणे बरे. ही माहिती तुला कोणी पुरविली ते तू लिहिलेले नाहीस.

तुझ्या वडिलांच्या पाटीविषयी मी मत देणार नाही. ‘स्प्रिंगचे’ हे रूप मात्र चूक आहे. ‘स्प्रिंगेचे’ असे हवे.

आता कामाचे. मी चाळीस वर्षे पोलाद वळले. टायटॅनियम मी वळलेले नाही, परंतु तपासलेले आहे. ते पोलादाहून बरेच हलके असते आणि पिळास पोलादाच्या निम्माच विरोध करते, म्हणून तेवढ्याच ताकदीस कमी वेढे पुरतात. ते गंजत नाही. मात्र ओरखडा विसरत नाही. पोलाद चार ओरखडे अंगावर घेऊन आयुष्य काढते. टायटॅनियम मानी असते, वर्षानुवर्षे काही बोलत नाही आणि एक दिवस नेमके त्याच ओरखड्यावर तुटते. हे मी धातूविषयी लिहीत आहे.

ह्या बदलाने पावणेदोनशे ग्रॅम वाचतील. तेवढ्यासाठी खिशातील किल्ल्यांचा जुडगा घरी ठेवला तरी भागते. असे असता टायटॅनियमच का, हे एका वाक्यात लिही. शिवाय पुढील गोष्टी कळव: स्वाराचे वजन, सध्याच्या स्प्रिंगेवर कोरलेला आकडा, चाक किती वर येते आणि तेवढ्यात स्प्रिंग किती दबते, आणि बैठक. बैठक म्हणजे स्वार नुसता बसला असता स्प्रिंग किती मिलिमीटर खाली बसते ते. फूटपट्टीने मोजावे. डोळ्याने मोजू नये.

कारखाना बंद केला तेव्हा तपासणीचा काटा मी घरी आणला. तो गॅलरीत आहे. तुझी आजी त्यावर मोजे वाळत घालते. ते काढावयास सांगितले आहे. ती बरी आहे. तिचे सात दात उरले आहेत. दर गुरुवारी चार ते पाच ती दातांच्या डॉक्टरांकडे जाते. सात दातांस इतकी देखभाल लागते हे मला ठाऊक नव्हते, परंतु तो माझा विषय नव्हे.

तुझा आजोबा


दि. १९ फेब्रुवारी

ती. आजोबांना नमस्कार.

एका वाक्यात: शर्यतीआधी सायकल खांद्यावर घेऊन डोंगर चढावा लागतो आणि वर पोचेपर्यंत प्रत्येक ग्रॅमचा किलो होतो. किल्ल्यांचं म्हणाल तर आमच्याकडे सगळ्या किल्ल्या आईकडे असतात. बाकीचे दार वाजवतात.

आकडे: वजन चोपन्न किलो. स्प्रिंगेवर (बघा, सुधारले) ४०० कोरलंय. चाक एकशे साठ मिलिमीटर वर येतं, तेवढ्यात स्प्रिंग पासष्ट दबते. बैठक वीस मिलिमीटर. फूटपट्टीनेच मोजली.

तीनही स्प्रिंगा पार्सलने पाठवते आहे. जुन्या टॉवेलात गुंडाळल्यात. टॉवेल परत नको.

भिंगरी


दि. २६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझे आकडे मी तीन वेळा मांडले. नंतर खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या जुन्या मुकादमाकडून चौथ्यांदा मांडून घेतले.

अशा सायकलीत स्वाराच्या वजनाच्या तीन भागांपैकी दोन भाग मागच्या चाकावर येतात असे आम्ही धरले. चोपन्नाचे झाले छत्तीस. चाक अडीच बोटे वर येते तेव्हा स्प्रिंग एक बोट दबते, म्हणून स्प्रिंगेवर तो भार अडीचपट होतो. झाले नव्वद. चारशे हा आकडा पौंड आणि इंचांतला. आपल्या मापात त्या स्प्रिंगेस एक मिलिमीटर दबण्यास सात किलोहून थोडे अधिक लागतात. म्हणजे नव्वद किलोने ती साडेबारा मिलिमीटर बसावी. तू वीस लिहिले आहेस. वीस येण्यास स्वार शहाऐंशी किलोचा हवा.

मुकादम म्हणाला, “मालक, चोपन्न किलोची पोर पोलादाला एवढं खाली बसवते म्हणजे पोरीनं ऐरण गिळली असणार.”

तुझी आजी आतून म्हणाली, “ऐरण कसली! गोष्ट गिळली असेल एखादी.”

तिला त्यातले काय कळते हे मी विचारले नाही.

तात्पर्य, तीन शक्यता आहेत. एक तर वजनाचा काटा खोटा आहे, एक तर फूटपट्टी खोटी आहे, एक तर नात. पहिल्या दोन वस्तू तपासून कळवावे.

तुझा आजोबा


दि. ५ मार्च

ती. आजोबांना नमस्कार.

फूटपट्टी खोटी निघाली.

भिंगरी


दि. १४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

फूटपट्टी खोटी निघाली हे वाचून समाधान वाटले. नात खोटी निघाली असती तर ती बदलून मिळत नाही.

ह्या फूटपट्टीचे वजन शहाऐंशी किलो आहे. अकरा वर्षांपूर्वी ते एकाहत्तर होते. त्या अर्थी जेवण वेळेवर मिळत असावे. फूटपट्टीच्या प्रकृतीविषयी मला कुतूहल नाही. तथापि निवड करताना उपकरणाची पूर्ण माहिती असावी लागते, म्हणून पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत. लहानपणी भिंतीवरून पडल्यापासून फूटपट्टी डावा गुडघा जपून टेकीत असे. अजून टेकते काय? फूटपट्टीस चष्मा लागला काय? सकाळचा चहा होईपर्यंत फूटपट्टी कोणाशी बोलत नसे. त्यात काही सुधारणा?

तुझ्या तीनही स्प्रिंगा मी काट्यावर चढविल्या. मुकादम दांडा फिरवीत होता, मी आकडे वाचीत होतो. प्रत्येक स्प्रिंग प्रथम तीन वेळा पूर्ण दाबून सोडली, म्हणजे तिचे जे काही लाड उरले असतील ते संपतात. कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. तो स्प्रिंगेचा जन्मदाखला असतो, चारित्र्याचा दाखला नव्हे.

पहिलीवर ४०० कोरले आहे, भरली ३७२. शिवाय आतल्या वेढ्यावर नखाला लागेल असा ओरखडा आहे. ती कोणीही लावू नये. दुसरीवर ४०० कोरले आहे आणि ती नेमकी ४०० भरली. अशी प्रामाणिक वस्तू मी फार दिवसांनी पाहिली. तिसरीवर ४५० आहे, भरली ४४७. शहाऐंशी किलोच्या फूटपट्टीस ती कडक होईल.

आमच्या कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीस पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधली आहे. उत्तीर्ण मालास पांढरी चिठ्ठी, अनुत्तीर्ण मालास तांबडी. तीवर शेरा, तारीख आणि माझी सही. ह्या रिवाजाविषयी तुझ्या घरी कोणी काही सांगितले असल्यास ते मला कळविण्याची आवश्यकता नाही.

दुसरी लावावी. पार्सल चार दिवसांनी निघेल. मुकादमाच्या मते गाठी सैल आहेत, त्या पुन्हा बांधावयाच्या आहेत.

तुझा आजोबा


दि. २१ मार्च

ती. आजोबांना नमस्कार.

पार्सल अजून यायचंय. तोवर उत्तरं.

फूटपट्टी डावा गुडघा जपते, पण कोणी बघत असेल तर जपत नाही. चष्मा लागलाय. तो डोक्यावर असतो आणि ती घरभर शोधते. चहाआधी बोलत नाही. चहानंतरही फार नाही. डोक्यावर मागच्या बाजूला एक रुपयाएवढं टक्कल पडलंय. आरशात मागचं दिसत नाही म्हणून तिला अजून पत्ता नाही. कृपया कळवू नका.

सायकल तिची आणि शर्यतही तिचीच; पंचेचाळीसच्या वरच्यांच्या गटात तिने नाव घातलंय. फूटपट्ट्यांना एवढा उतार झेपतो का, असं आईने विचारलं. फूटपट्टी म्हणाली, “चढ झेपत नाही. उताराला काय, हात सोडले की झालं.”

तुम्ही नको म्हणालात तरी एक गोष्ट कळवते. बाबांच्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक तांबडी चिठ्ठी चिकटवलेली आहे. लहानपणापासून बघतेय. मला वाटायचं सगळ्यांच्याच पेटीत असते. तुमचं पत्र वाचून परवा आईला खोदून विचारलं तेव्हा तिने भांडी खाली ठेवली. म्हणाली, ती चिठ्ठी तुम्ही बाबांच्या कामाच्या कोटाच्या दुसऱ्या बटणाला बांधली होती. कारखान्यात, बावीस कामगारांसमोर. बाबा तशीच घालून घरी आले आणि सामान बांधायला लागले.

खरं आहे का?

आणखी एक. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं की स्प्रिंग काय, कुणीही मोजेल. बाबा म्हणाले, “मोजावी तर नानांनी. बाकी सगळे अंदाज.” त्याने विचारलं, नाना कोण? बाबा हवा भरायला लागले. चाक आधीच भरलेलं होतं. फुटलं.

भिंगरी


दि. २८ मार्च

ती. आजोबांना नमस्कार.

घाईत लिहितेय. पार्सल आलं तेव्हा मी बाहेर होते. फूटपट्टीने उघडलं.

मी आले तर बाबा तीनही चिठ्ठ्या हातात धरून उभे. म्हणाले, “हे कोणाचं अक्षर?”

मी म्हणाले, “वाचता येतं ना?”

मग त्यांनी तुमची सगळी पत्रं मागितली आणि उभ्यानेच वाचली. तांबड्या शाईच्या दुरुस्त्याही वाचल्या. म्हणाले, “ही पाचवी राहिली त्यांच्याकडून.” मग दुकानाचं दार अर्धं ओढलं, दुसरी स्प्रिंग लावली, घरच्या कपड्यांत बसले, उठले. मग शर्यतीचं सगळं अंगावर चढवलं: हेल्मेट, छातीची ढाल, गुडघ्यांच्या वाट्या, पाण्याची पिशवी, हत्यारांचा पट्टा. पुन्हा बसले. म्हणाले, “मोज.” मोजलं. “परत मोज.” असं चार वेळा. पाचव्यांदा खरी फूटपट्टी माझ्या हातातून घेऊन तिच्यावरचे आकडे तपासले.

मग सायकल घेऊन टेकडीवर गेले. तिसरी स्प्रिंग खिशात होती. संध्याकाळी आले. आज सकाळी शिडी लावून पाटीवर काहीतरी करत होते. ‘स्प्रिंगचे’मधल्या ‘ग’चा ‘गे’ झालाय. रंग ओला आहे.

भिंगरी


दि. २ एप्रिल

ती. नानांस सा. न.

तपासणीचा अहवाल पाठवीत आहे.

दुसरी स्प्रिंग. पांढरी चिठ्ठी, शेरा ‘पास’. घरच्या कपड्यांत बैठक वीस. शर्यतीच्या सामानासह पावणेबावीस. सामान सात किलो भरते. टेकडीवरील तिसऱ्या उडीला स्प्रिंग तळाला लागते, आवाज येतो.

तिसरी स्प्रिंग. तांबडी चिठ्ठी, शेरा ‘नापास, कडक’. सामानासह बैठक साडेएकोणीस. पाहिजे पासष्टाच्या तीस टक्के, म्हणजे साडेएकोणीस. त्याच उडीला आवाज नाही.

तुम्ही रिकामा माणूस मोजला. डोंगरावरून रिकामा कोणी उतरत नाही. हे मी पूर्वी एकदा बोललो होतो. तेव्हा विषय स्ट्रेचरचा होता.

तिसरी लावली आहे. दुसरी सोबत परत पाठवतो. तिची पांढरी चिठ्ठी काढून तांबडी बांधली आहे. चिठ्ठी माझ्याकडे पेटीच्या झाकणात होती. नवी लिहावी लागली नाही. शेरा जुळत नाही, कारण ही स्प्रिंग कडक नसून नरम आहे. एवढी दुरुस्ती तुम्ही करून घ्यावी.

आईच्या दातांची चौकशी करत नाही. ती दर गुरुवारी चार ते पाच फोनवर कळते.

शर्यत वीस तारखेला आहे. स्प्रिंगेचे काम झाले आहे, त्यामुळे तुम्हाला आणखी तसदी देण्याचे कारण उरत नाही.

कळावे.


दि. ९ एप्रिल

ती. आजोबांना नमस्कार.

काटा बिघडला का? मुकादम आजारी आहेत का? आजीने गुरुवारी फोनवर फक्त ‘बसलेत गॅलरीत’ एवढंच सांगितलं. (तिला रागावू नका. सात दात खरेच आहेत.)

बाबा पोस्टमनची वाट बघत नाहीत. पोस्टमन यायच्या वेळी फक्त दुकानाची पायरी झाडतात. तो गेला की आत येतात. आमच्या दुकानाची पायरी इतकी स्वच्छ कधी नव्हती. काल पोस्टमनने चपला काढल्या.

भिंगरी


दि. १३ एप्रिल

चिरंजीवास आशीर्वाद.

हे पत्र पाचव्या कागदावर लिहीत आहे. पहिल्या चारांवर सवयीने ‘तुझे वडील’ असे लिहून बसलो आणि मग लक्षात आले की पत्र तुलाच आहे.

तुझा अहवाल मिळाला. स्प्रिंग काट्यावर पुन्हा चढविली. ती चारशेच भरते. स्प्रिंगेची चूक नाही. सात किलो सामान माझ्या हिशेबात नव्हते. निकाल मान्य आहे. चाळीस वर्षांत मला तांबडी चिठ्ठी देणारा दुसरा कोणी भेटला नाही, ह्याचे एक कारण असे की चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याच खणात असे.

तू बांधलेल्या चिठ्ठीवरील अक्षर माझे आहे. ‘नापास, कडक.’ तिसऱ्या स्प्रिंगेस गेल्या महिन्यात मी जी चिठ्ठी बांधली तीवरही हेच दोन शब्द आहेत. मुकादमाने तुझा अहवाल मोठ्याने वाचला आणि म्हणाला, “मालक, अकरा वर्षांत अक्षर तेच, मतही तेच.” मी त्यास खाली जाण्यास सांगितले. तो गेला नाही. म्हणाला, “आता तरी लिहा त्या पोराला. नाहीतर मी लिहितो, आणि माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीत आहे.”

म्हणून मीच लिहितो.

रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरसाठी तू अठ्ठेचाळीस स्प्रिंगा वळल्या होत्यास. मी त्या मोकळ्या स्ट्रेचरवर एक माणूस निजवून तपासल्या आणि कडक ठरविल्या. तू म्हणालास, रुग्णाबरोबर प्राणवायूची नळी असते, आणि गाडी वळली की नर्स स्ट्रेचरवर भार देते. ते सर्व धरून मोजा. मी म्हणालो, मला शिकवू नकोस. त्यानंतर मी जे केले ते बावीस कामगारांनी पाहिले. तुझ्या मुलीने त्याविषयी मला ‘खरं आहे का’ असे विचारले आहे. तिला सांग, खरे आहे.

ह्यापुढचे तुला ठाऊक नाही. तुझ्या आईसही नाही, नाहीतर ते तुला एखाद्या गुरुवारी कळले असते. तू गेल्यावर मी अठ्ठेचाळीस नरम स्प्रिंगा वळवून घेतल्या, पांढऱ्या चिठ्ठ्या बांधल्या आणि पाठविल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या परत आल्या. रुग्ण, नळी आणि नर्स मिळून स्ट्रेचर तळाला टेकत होता आणि प्रत्येक खड्ड्यास आवाज येत होता; तू लिहितोस तसाच. एका सुटीच्या दिवशी मी एकटा कारखान्यात गेलो. तुझ्या स्प्रिंगा कोपऱ्यातील पेटीत होत्या. त्यांच्या अठ्ठेचाळीस तांबड्या चिठ्ठ्या मी कात्रीने कापल्या, पांढऱ्या बांधल्या आणि त्याच पाठवून दिल्या. त्या परत आल्या नाहीत. मुकादमाने मला दारातून पाहिले होते. मी त्यास म्हणालो, जुना माल आहे. तो म्हणाला, “होय मालक, जुनाच.” एवढ्यावर त्याने अकरा वर्षे काढली.

अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या मी कापल्या. एकोणपन्नासावी तुझ्या बटणाला होती. ती कापून घेण्यास तू थांबला नाहीस, आणि तू थांबावेस असे मी काही केले नव्हते. त्याच आठवड्यात गाडीत बसून तुझ्याकडे यावयास हवे होते. मी पांढरी चिठ्ठी लिहूनही ठेवली होती. परंतु माल पाठविल्यावर चिठ्ठी मागाहून जोडण्याचा आमच्यात रिवाज नव्हता, असे मी स्वतःस सांगितले. रिवाज पाडणारा मीच होतो.

तू लिहितोस की तसदी देण्याचे कारण उरले नाही. कारण मी काढले आहे. ४४७ भरणारी स्प्रिंग मी केवळ काट्यावर पाहिली आहे; माणसाखाली, सामानासह आणि उतारावर पाहिलेली नाही. अशी अर्धवट तपासणी माझ्या नावावर राहणे योग्य नव्हे. सबब वीस तारखेस सकाळच्या गाडीने मी आणि तुझी आई तुमच्याकडे उतरत आहोत. तिने दातांच्या डॉक्टरांस कळविले आहे, असे ती हसत म्हणाली. मुकादमही येतो म्हणतो; दांडा फिरविण्यास कोणी लागेल असे त्याला वाटते. दांडा तेथे नाही हे मी त्यास अद्याप सांगितलेले नाही.

अकरा वर्षांत माझी उंची दोन बोटे कमी झाली आहे, आणि भिंगरीने मला आठव्या वर्षानंतर पाहिलेले नाही. ओळख पटण्यास अडचण पडू नये म्हणून तू पाठविलेली तांबडी चिठ्ठी माझ्या कोटाच्या दुसऱ्या बटणाला बांधलेली असेल. तीवरील ‘कडक’ हा शब्द मी खोडलेला नाही. स्प्रिंगेस तो लागू नसला तरी आता तो बरोबर जागी जाईल.

गाठ मुकादमाने बांधली आहे, ती सुटणार नाही. कात्री मी बरोबर आणीत आहे, ती तुझ्या हाती देईन. कापावी की राहू द्यावी, ते तू ठरव. घाई करू नकोस. फक्त निकाल देण्यापूर्वी मला सामानासह मोज.

तुझा,
नाना

ता. क. तुझी आई म्हणते, “एवढ्या उन्हात कोट घालून उतरलात तर घामानं अक्षर फुटेल.” शाई पक्की आहे. ओल्या बोटाने घासून तपासली.